अंडं नाही

ओट्यावर मैद्याच्या भाजलेल्या सव्वीस वाट्या होत्या. चोवीस लागणार होत्या; दोन फुटतील असा अंदाज धरला होता आणि फुटली एकही नव्हती. पातेल्यात पाऊण लिटर कस्टर्ड होतं. ताटात पपईचे बावन्न काप, चिकूचे बावन्न, द्राक्षांचे अर्धे केलेले एकशे चार तुकडे आणि डब्यातल्या चेरीचे सव्वीस अर्धे. खिडकीजवळ काचेच्या भांड्यात तीनशे मिलिलिटर पाक होता, आणि त्या पाकात पंधरा ग्रॅम जिलेटिन विरघळवलेलं होतं.

हे २१ जानेवारी १९८९, शनिवार सकाळचं. त्या संध्याकाळी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आकडे माझ्या वहीत आहेत, म्हणून नक्की सांगता येतात.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले होते आणि नोकरीसाठी अर्ज करत होते. आम्ही अंबरनाथ पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर राहायचो. बाबा एका रंगाच्या कारखान्यात अधिकारी होते. घरात मी नुसती बसून आहे हे आईला बघवेना, म्हणून तिने मला उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका सिंधी बाईंच्या बेकिंगच्या क्लासला घातलं. आठ दिवसांचा क्लास होता, अंड्याशिवायच्या वस्तूंचा. बाबांनी गोल अ‍ॅल्युमिनियमचा इलेक्ट्रिक ओव्हन आणून दिला. मी तिथल्याच भंगारबाजारातून एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेचा तराजू आणला, पितळी वजनांसकट. आई म्हणाली, "तू स्वैपाक करणार आहेस की प्रॅक्टिकल?"

क्लासमध्ये शिकवलेल्या सगळ्यांत मला आवडली ती ही फळांची पेस्ट्री. मैद्याची खुसखुशीत वाटी, तिच्यात कस्टर्ड, वर फळांची नक्षी आणि त्यावर पारदर्शक थर. बाई हा थर चायना ग्रासचा करत. चायना ग्रास समुद्रातल्या शेवाळापासून होतं, उपासालाही चालतं. पण तो थर मला पटेना. तो जरा दुधाळ दिसायचा, आणि चार-पाच तासांत त्याला पाणी सुटून खालची वाटी मऊ पडायची. उल्हासनगरला बेकरीच्या सामानाच्या दुकानात मी ही तक्रार केली तर गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "चायना ग्रास छोडो बहनजी, ये ले जाओ. एकदम काच का माफिक चमकेगा." आणि त्याने जिलेटिनची पुडी पुढे सरकवली.

जिलेटिन कशाचं असतं हे मला माहीत होतं. गुरांची हाडं आणि कातडी उकळून ते काढतात. दुसऱ्या वर्षाला होतं, परीक्षेतही आलं होतं. दुकानात उभी असताना मला ते आठवलंही. पण पुडीतली भुकटी फिकट पिवळी, बिनवासाची होती, आणि मी मनात म्हटलं, इतक्या प्रक्रिया झाल्यावर यात हाडाचं उरलंय काय? शुद्ध प्रथिन. मी ती घेतली.

हळदीकुंकवाच्या आधी तीन दिवस एक अडचण आली, तीही लिहायला हवी. पहिल्या खेपेला मी सहा पेस्ट्र्या करून पाहिल्या. चिकूवरचा थर छान बसला, द्राक्षांवरचा बसला, पपईवरचा मात्र बसेना. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवूनही सकाळी पपईभोवती पातळ पाणी. मी अर्धा तास विचार केला आणि मला उत्तर सापडलं. पपईतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, प्रथिनं तोडतं. म्हणूनच मटण लवकर शिजावं म्हणून लोक त्याला पपई चोळतात. पपई जिलेटिनशी तेच करत होती जे ती मटणाशी करते. मग मी पपईचे काप तीन मिनिटं वाफवून घेतले, आणि थर काचेसारखा घट्ट बसला. मला इतका आनंद झाला की वहीत मी त्याखाली दोन रेघा ओढल्या: 'जिलेटिन प्राणिज प्रथिन असल्यामुळे. उपाय: वाफ, ३ मि.' तारीख १८ जानेवारी. माझंच अक्षर.

पपई भीमरावांची होती. भीमराव वांगणीचे शेतकरी. दर शनिवारी सकाळी फळांची पाटी घेऊन आमच्या बिल्डिंगला यायचे. हिवाळ्यात पपई, चिकू, पेरू, उन्हाळ्यात आंबे. साठीच्या आसपासचे, बुटके, गळ्यात तुळशीची माळ. सगळे मजले झाले की शेवटी आमच्याकडे येऊन पाटी टेकवायचे आणि तांब्याभर पाणी प्यायचे. फक्त आमच्याकडे. बाकीच्या घरांतून मासे-मटण शिजतं म्हणून ते तिथं पाणीही घेत नसत.

माळ त्यांनी अकरा वर्षांपूर्वी घातली होती. त्यांची बायको बनूबाई कावीळ होऊन दवाखान्यात होती, डॉक्टरांनी आशा सोडली होती, तेव्हा त्यांनी बोलून घेतलं होतं: ही उठून घरी आली तर जन्मभर वशाटाला शिवणार नाही. ती उठून घरी आली. ही गोष्ट ते आईला दोनदा-तीनदा सांगून चुकले होते, आणि दर वेळी शेवटी हसून म्हणायचे, "अन् ती स्वतः मजेत बोंबील खाते बगा वैनी! मी पडवीत बसून जेवतो, आत वास सुटलेला. पर ती खाते ना, म्हंजे बरी हाय. मला तेवढंच पायजे."

तर त्या शनिवारी भीमराव आले तेव्हा सव्वीसपैकी अठरा पेस्ट्र्यांवर थर घालून झाला होता. ते स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिले.

"आरं देवा. ह्या काय, पणत्या?"

"पेस्ट्र्या आहेत, भीमराव. तुमचीच पपई आहे."

"माजी पपई येवढी चमकत नाय, ताय. कुणाची तरी दुसरीच आणलीत." मग आईकडे वळून, "वैनी, ह्या पोरीनं येवढ्याशा पणतीत येवढी फळं बशिवली. उद्या माज्या पाटीला कोन हात लावनार?"

आई खूश झाली. म्हणाली, "वृंदा, एक दे त्यांना. पहिली त्यांनाच."

मी बशीत पेस्ट्री ठेवून पुढे केली. त्यांनी हात पुढे केला, मग थांबवला. डावा हात गळ्यातल्या माळेकडे गेला.

"ताय, यात अंडं-बिंडं नाय ना?"

"अंडं नाही," मी म्हणाले.

लगेच म्हणाले, अगदी सरळ. अंडं खरंच नव्हतं. त्यांनी विचारलं त्याचं उत्तर मी बरोबर दिलं होतं. 'बिंडं'बद्दल मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी ती खाल्ली नसती, आईला कळलं असतं, आणि संध्याकाळच्या चोवीस पेस्ट्र्या फेकाव्या लागल्या असत्या. हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेलं. नकळत घडलं असं मला म्हणता येत नाही.

त्यांनी ती दोन घासांत खाल्ली, बोटं चाटली, दुसरी मागून घेतली. "साकरेच्या पाण्याला येवढी चकाकी कशी आनलीत ओ?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "क्लासला शिकले." हेही खोटंच होतं.

संध्याकाळी बायकांनी खूप कौतुक केलं. पुढच्या शनिवारपासून तो नेमच झाला. मी आठवड्याला दहा-बारा पेस्ट्र्या करायचे, कधी पेरू, कधी बोरं शिजवून. आणि एक भीमरावांसाठी ठेवायचे. नाही ठेवली तर आई विचारायची. "मालिनीबाईंच्या घरची पणती" असं आईचं नाव घेऊन त्यांनी खालच्या मजल्यांवरही सांगितलं होतं. दर वेळी मी बशी पुढे करायचे, आणि नंतर त्यांनी कधीच काही विचारलं नाही. एकदा विचारलं होतं, पुरे होतं. चायना ग्रासवर परत जाणं सोपं होतं. त्याचं पाकीट घरातच होतं. मी गेले नाही, कारण थर दुधाळ दिसला असता आणि कुणीतरी विचारलं असतं, या वेळी काय बदललं?

४ मार्चला भीमराव आले ते उशिरा, आणि पाटी नीट टेकवलीही नाही. डोळे लाल होते. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, बनूबाईला आठ दिवस ताप आहे. उतरतो, परत चढतो. बदलापूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलंय.

"होईल बरं," आई म्हणाली. "आता औषधं चांगली आहेत."

"औशिदाचं नाय वैनी. माज्याकडनं कायतरी चुकलंय. माळ बाटल्याबिगर ती अशी पडायची नाय. मी ध्यान लावून इचार केला, मी कुटं काय खाल्लं? भायेर तर मी कुटंच खात नाय. तुमच्या हितं अन् घरी. म्हंजे घरीच." ते थांबले. "सुनेचंच काम. बकुळाचं. माजा डाव येगळा, पातेली येगळी, पर तिनं घोटाळा केला असनार. माशाचा डाव माज्या आमटीत."

"ती काय म्हणते?"

"नाय म्हनते. रडते. मी तिला अंगनात हुबी करून पोराच्या डोक्यावर हात ठिवून शपथ घ्यायला लावली. तिनं घेतली. तरी मी म्हनलं, जा म्हायेरी. बेलवलीला धाडली काल. पोराला ठिवून घेतलं."

मी दारात उभी होते. तुमच्या इथं आणि घरी, म्हणजे घरीच. हे अनुमान मी शाळेपासून शिकत आले होते. दोन शक्यता, त्यांतली एक वगळली की उरते ती खरी. त्यांनी चुकीची वगळली होती, कारण त्यांनी मला विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं.

"वृंदा, पेस्ट्री दे त्यांना," आई म्हणाली.

"आज केल्या नाहीत."

फ्रिजमध्ये नऊ होत्या. आईला माहीत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. भीमराव पाणी पिऊन गेले.

ते गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती खुर्चीवर बसली होती. उठून बेसिनपाशी गेली आणि तिने चूळ भरली. सहा आठवड्यांनी. तिला तसं करताना बघून मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आधीपासून?"

"हो."

"तुझे बाबा कँटीनमध्ये ऑम्लेट खातात, ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी काही बोलत नाही. पण खाताना त्यांना माहीत असतं ते काय खातायत. तू आम्हाला तेवढंही ठेवलं नाहीस." मग थोड्या वेळाने, वेगळ्याच आवाजात, "हे बघ, आता कुणाला सांगायचं नाही. हळदीकुंकवाला चोवीस जणी आल्या होत्या, त्यांत पलीकडच्या गल्लीतल्या कुमुदिनीबाई होत्या, त्या तर कांदासुद्धा खात नाहीत. मला याच बिल्डिंगमध्ये राहायचंय. आणि भीमरावांना तर अजिबात नाही. न कळता खाल्लेल्याचं पाप नसतं."

"ती बकुळा?"

"येईल ती परत. ताप उतरला की ते घेऊन येतील तिला. सासू-सुनेचं, सासऱ्याचं चालतंच असं घराघरांत."

मला ते पटलं नाही. पण सोयीचं होतं. भीमरावांचा पत्ता मला माहीत होता. वांगणी दोन स्टेशनं दूर होती. मी दुसऱ्या दिवशी जाऊ शकले असते. सोमवारी जाऊ शकले असते. मी स्वतःला सांगितलं की ताप विषमज्वराचा असणार, जिलेटिनचा आणि त्याचा काही संबंध नाही, आणि असला संबंध मान्य केल्यासारखं बोलणं म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी. हा युक्तिवाद बिनचूक होता. तो मी सात दिवस वापरला. ते सात दिवस बकुळा बेलवलीला होती आणि तिचा मुलगा वांगणीला.

११ मार्चला भीमराव आले तेव्हा हसत होते. विषमज्वरच निघाला होता. गोळ्या लागू पडल्या, बनूबाई उठून बसली होती, पेज खात होती. आई माझ्याकडे बघत होती. तिची नजर सांगत होती, बघ, झालं.

"मग बकुळाला आणलं का?" मी विचारलं.

"नाय. का आनू?" ते म्हणाले. "तिला घालवली तवाच ताप उतराया लागला. म्हंजे चूक तिचीच व्हती. आता तिच्या बापाला म्हनलंय, ठिवून घे तुमच्याकडं."

मग मी सांगितलं. आई "वृंदा" म्हणाली, पण मी थांबले नाही. जिलेटिनची पुडी आणून समोर ठेवली. हे काय आहे, कशापासून करतात, पेस्ट्रीत कुठे असतं. मला वाटलं होतं मी रडेन. मी वर्गात उत्तर द्यावं तसं बोलत होते.

ते पाटीशेजारी खाली बसले.

"कसली हाडं?"

"गुरांची."

"गायीबैलाची?"

"तीही असतील. म्हशीची असतील. सांगता येत नाही."

"माज्याकडं दोन बैल हायेत," ते म्हणाले, जसं काही मला ते माहीत असायला हवं होतं. मग, "मी इचारलं व्हतं ना, ताय?"

"हो."

"मंग?"

"तुम्ही अंडं विचारलंत. अंडं नव्हतं."

ते माझ्याकडे बघत राहिले आणि नाकातून हसले. "शिकल्याला मानूस. आमी एक इचारलं की येकच सांगनार. ज्यास्त न्हाई, कमी न्हाई." आणि मग, "किती खाल्ल्या मी?"

"सात."

"त्यात हाड किती?"

मी हे आधीच काढून ठेवलं होतं. "चार ग्रॅम."

"चार गिराम म्हंजे केवढं?"

मी तराजूतली पितळी वजनं आणली. दोन ग्रॅमची दोन त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी मूठ मिटली, उघडली, परत मिटली.

"येवढ्यासाटी," ते म्हणाले. "येवढ्यासाटी मी त्या पोरीला लेकराच्या डोक्यावर हात ठिवाया लावला. अंगनात. समदी आळी बगत व्हती." त्यांचा आवाज चढला नाही. वजनं त्यांनी जमिनीवर ठेवली, मान वाकवून माळ काढली आणि बंडीच्या खिशात घातली. गळा त्या जागी गोरा होता. "ही आता बुवांकडनं परत घालून घीन. त्याचं कायतरी हुईल. पर तिच्या दारात जाऊन काय सांगू? कुन्या तोंडानं?"

"मी येते," मी म्हणाले. "मीच सांगते बकुळाला."

"तुमी नका यिऊ," ते म्हणाले. "तुमी परत बराबर बोलाल."

आईने तांब्या पुढे केला. त्यांनी तो पाहिला, हात जोडले आणि पाटी उचलली. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. दोन वजनं मी जमिनीवरून उचलली. ती अजून कोमट होती.

पुढचे तीन शनिवार ते आले नाहीत. आई रस्त्यावरून पपई आणायची. मी जिलेटिनची पुडी फेकून दिली. क्लासच्या बाईंच्या पद्धतीने चायना ग्रास करू लागले: कधी जास्त उकळून, कधी दोनदा गाळून, कधी लिंबाचा रस घालून. दर खेपेला वजन करायचे, किती पाणी सुटतं ते बघायचे. कुणासाठी करत होते ते मला सांगता आलं नसतं. बाबा एकदा म्हणाले, "हल्ली चमक कमी झाली." आई म्हणाली, "खा गपचूप."

८ एप्रिलला सकाळी साडेदहाला बेल वाजली. दारात पंचविशीची एक सावळी, उंच बाई होती. डोक्यावर भीमरावांची पाटी.

"वृंदाताय तुमीच?" ती म्हणाली. "मी बकुळा. मामांची सून. पपई घ्यायची का?"

मी तिला आत बोलावलं. ती उंबऱ्यातच बसली.

"भीमराव येत नाहीत?" मी विचारलं.

"येत्यात की. खाली हायेत, झाडाखाली. जिना चढत नाय." तिने तीन पपया काढून ठेवल्या. "मला आणाया आले बेलवलीला. बापाच्या पाया पडत व्हते, म्हातारा मानूस. मला बगवंना. मीच म्हनलं, उटा, चला."

"चूक माझी होती," मी म्हणाले.

"माहीत हाय. सांगितलं त्यांनी." ती पदराने तोंड पुसत होती. "शपथ घेतल्यावर चार दिस पोराला ताप तर येत नाय ना, ह्याच घोरात व्हते मी बेलवलीला. खोटी नव्हती शपथ, तरी. म्हनलं काय माहीत, चुकून डाव बदलला बी असंल. माजाच माज्यावर इस्वास ऱ्हायला नवता."

मी उठले आणि सकाळी केलेल्यांतली एक पेस्ट्री बशीत घालून आणली. चायना ग्रासचं पाकीटही शेजारी ठेवलं. "यात काही नाही," मी म्हणाले. "शेवाळाचं आहे. वाचा हवं तर. दुसरं काही नाही, अंडं नाही, हाड नाही, प्राण्याचं काहीही नाही."

बकुळाने बशी हातात घेतली. पेस्ट्री डोळ्यांजवळ नेऊन फिरवून फिरवून पाहिली, फळांची नक्षी, मधली चेरी. "हीच व्हय ती पणती," ती म्हणाली. "म्या म्हनलं एकदा बगू तरी."

"खा ना."

"मी समदं खाते, ताय. मासं, मटन, अंडं. मला माळ नाय, काय नाय." तिने बशी जपून खाली ठेवली. "पर ही नगं."

पपईचे पैसे घेऊन ती पाटी उचलून गेली. मी बाल्कनीतून पाहिलं. झाडाखाली भीमराव उभे होते, गळ्यात नवी माळ होती. त्यांनी वर बघितलं नाही. पाटी सुनेच्या डोक्यावरून स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि दोघं पुढच्या बिल्डिंगकडे गेली.

बशी मी उचलली नाही. आईनेही उचलली नाही. दिवसभर ती उंबऱ्यापाशी होती. घरात बत्तीस अंश तापमान होतं. संध्याकाळी बशीत पाण्याचं कडं दिसत होतं. मी तराजू काढला.

सकाळी दहाला ती पेस्ट्री बासष्ट ग्रॅम भरली होती. संध्याकाळी सहाला सत्तावन्न.